एंजिनाचा श्वास आणि कार्ब्युरेटरचे माप

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसाचे भवितव्य अशा थोर विषयांवर विद्वानांनी आपले विचार मांडले. त्या पंक्तीत मोटारीच्या कार्ब्युरेटरवर बोलणाऱ्या माणसाने पान मांडून बसावे, हे थोडेसे धाडसाचेच आहे. परंतु मंडळाच्या चिटणिसांनी निमंत्रण देताना "तुम्हांला जे ठाऊक आहे त्यावरच बोला" अशी सवलत दिली. मला ठाऊक असलेल्या गोष्टी फार नाहीत. त्यांतली एक मी दुसऱ्याचे नुकसान करून शिकलो आहे. म्हणून तीच आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रश्न असा आहे : जुन्या काळच्या मोटारीच्या एंजिनाला सुपरचार्जर बसविला, तर त्याला कोणत्या मापाचा कार्ब्युरेटर द्यावा? १९६४ साली 'स्टेट्समन' वृत्तपत्राने दिल्लीत जुन्या मोटारींची फेरी सुरू केल्यापासून आपल्या देशात हा छंद चांगलाच रुजला, आणि त्या छंदाबरोबर हा प्रश्नही आला. तो विचारणाऱ्याला बहुधा एकच उत्तर मिळते, "मिळेल तेवढा मोठा लावा." हे उत्तर चुकीचे कसे आणि बरोबर उत्तर कसे शोधावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

कार्ब्युरेटर म्हणजे काय हे आपल्यापैकी अनेकांना अ‍ॅम्बॅसडर आणि पद्मिनीने शिकविले आहे. या दोन्ही गाड्यांचे उत्पादन थांबले, अ‍ॅम्बॅसडरचे २०१४ साली आणि पद्मिनीचे त्याच्याही बरेच आधी; पण हिवाळ्याच्या सकाळी चोक ओढून गाडी सुरू करण्याची कसरत ज्याने केली आहे, तो ती विसरणार नाही. एंजिन हवा ओढून घेते. ती हवा कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते, वेगामुळे तेथला दाब उतरतो, आणि उतरलेल्या दाबामुळे जेटमधून पेट्रोल वर येऊन तुषारांच्या रूपाने हवेत मिसळते. पूर्ण ज्वलनासाठी एक भाग पेट्रोलास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. म्हणजे कार्ब्युरेटरची कामे दोन : हवेला वाट देणे, आणि त्या हवेच्या प्रमाणात पेट्रोल मोजून देणे. या दोन कामांत मुळातच भांडण आहे. वाट रुंद केली की हवा सुखाने जाते, पण तिचा वेग मंदावतो आणि पेट्रोलाची मोजदाद बिघडते. वाट अरुंद केली की मोजदाद नेमकी होते, पण एंजिनाचा श्वास कोंडतो. कार्ब्युरेटरचे माप ठरविणे म्हणजे या भांडणात तडजोड घडविणे होय.

आता सुपरचार्जर. साधे एंजिन वातावरणाचा दाब जेवढी हवा आत ढकलील तेवढ्यावर संतुष्ट असते. सुपरचार्जर हा एंजिनाच्याच शक्तीवर फिरणारा हवेचा पंप आहे. तो हवा सिलिंडरात बळेच कोंबतो. सिलिंडर तेवढाच, परंतु त्यात हवा अधिक, म्हणून पेट्रोल अधिक, म्हणून शक्ती अधिक, असा त्याचा न्याय आहे. येथे एक गोष्ट ध्यानात धरावी. ज्या सुपरचार्जरात दोन पाती एकमेकांत गुंतून फिरतात, त्या रूट्स जातीच्या पंपाची दर फेऱ्याला ढकलावयाची हवा ठरलेली असते. एंजिनाला किती जास्त दाब मिळणार हे मुख्यतः पंपाचा आकार आणि त्याच्या पुलीचे माप ठरविते. कार्ब्युरेटर मोठा केल्याने तो दाब वाढत नाही. फार तर वाटेतली गळचेपी कमी होते. "मोठा कार्ब्युरेटर म्हणजे मोठी शक्ती" हा समज येथेच कोलमडतो.

पुढचा प्रश्न असा, की कार्ब्युरेटर या पंपाच्या आधी बसवावा की नंतर? या दोन्ही पद्धती एकाच शर्यतीत समोरासमोर उभ्या राहिल्याचा प्रसंग इतिहासात आहे. १९३० सालची ल मांची चोवीस तासांची शर्यत ती. एका बाजूला सर हेन्री ऊर्फ टिम बर्किन याची साडेचार लिटरची सुपरचार्जर लावलेली बेंटली, जिला जग 'ब्लोअर बेंटली' म्हणून ओळखते. दुसऱ्या बाजूला रुडोल्फ काराचिओला याची सात लिटरची मर्सिडीज-बेंझ एसएसके. बेंटलीत अ‍ॅम्हर्स्ट व्हिलियर्स याचा सुपरचार्जर रेडिएटरच्याही पुढे बसविलेला होता, आणि त्याला दोन एस.यू. कार्ब्युरेटर जोडलेले होते. म्हणजे पंप कार्ब्युरेटरातून हवा-पेट्रोलाचे तयार मिश्रण ओढून घेई आणि पुढे ढकली. याला आपण 'ओढणारी रचना' म्हणू. मर्सिडीजमध्ये नेमके उलटे होते. तिचा पंप एरवी स्वस्थ असे. चालकाने पाय पूर्ण दाबला की तो क्लचने जोडला जाई आणि कार्ब्युरेटरातच हवा फुंकू लागे. ही 'फुंकणारी रचना'.

त्या शर्यतीचा निकाल मोठा बोधप्रद आहे. बर्किनने मर्सिडीजचा त्वेषाने पाठलाग केला. पण मर्सिडीजही बंद पडली आणि बर्किनची गाडीही शेवटपर्यंत टिकली नाही. शर्यत जिंकली बार्नाटो आणि किडस्टन यांच्या साडेसहा लिटरच्या बेंटलीने, जिला सुपरचार्जरच नव्हता. डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा सुपरचार्जरला पहिल्यापासून विरोध होता. शक्ती हवी असेल तर एंजिन मोठे करावे, त्याच्या घशात हवा कोंबू नये, असे त्यांचे मत. तथापि त्याच वर्षी पो येथे झालेल्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये बर्किनने हीच ब्लोअर बेंटली दुसऱ्या क्रमांकावर आणली, हेही विसरून चालणार नाही. सुपरचार्जर वाईट नाही. तो चुकांना क्षमा करीत नाही, एवढेच.

या दोन रचनांचा मापाशी संबंध असा. फुंकणाऱ्या रचनेत कार्ब्युरेटर दाबलेल्या हवेत बसलेला असतो. त्यातून जाणारी हवा वजनाने अधिक असली, तरी दाट झालेली असल्यामुळे तिचे आकारमान मूळ एंजिनाच्या भुकेपेक्षा फारसे वाढत नाही. म्हणून मूळच्या मापाच्या आसपासचा कार्ब्युरेटर पुरतो. मात्र फ्लोटच्या कोठीलाही तोच वाढीव दाब द्यावा लागतो, पेट्रोलपंपाचा दाब त्याहून काही पौंड अधिक ठेवावा लागतो, आणि थ्रॉटलच्या दांड्याजवळून मिश्रण बाहेर पडू नये याचा बंदोबस्त करावा लागतो. नाही तर गरम एंजिनावर पेट्रोलाचा फवारा उडावयाचा. ओढणाऱ्या रचनेत ही यातायात नाही. तेथे कार्ब्युरेटर उघड्या वातावरणातच असतो, आणि पेट्रोल पंपातच वाफ होऊन हवेला थंडावा देते. पण तेथे सगळी जादा हवा पातळ अवस्थेतच कार्ब्युरेटरातून जावयाची असल्याने मापाचा विचार नव्याने करावा लागतो. हौशी माणसे बहुधा हीच रचना पत्करतात, म्हणून यापुढे मी तिच्याविषयीच बोलेन.

आता माझी फजिती सांगतो. माझ्या एका स्नेह्यांच्या वडिलांची एमजी टीसी गाडी त्यांच्याकडे आहे. १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडात बनलेली ही दोन आसनांची उघडी गाडी. एंजिन चार सिलिंडरांचे, १२५० घन सेंटिमीटरचे, शक्ती सुमारे ५४ अश्वशक्ती, आणि सव्वा इंची एस.यू. कार्ब्युरेटर दोन. स्नेह्यांनी जुना सुपरचार्जर मिळविला आणि मला म्हणाले, "कार्ब्युरेटर तुम्ही सांगाल तो." मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि असा हिशोब केला : सव्वा इंची गळ्याचे क्षेत्रफळ ७.९ चौरस सेंटिमीटर. दोहोंचे मिळून १५.८. सुपरचार्जर चौरस इंचाला सहा पौंड जादा दाब देणार. वातावरणाचा दाब १४.७ पौंड, त्यात सहा मिळवून १४.७ ने भागले तर १.४१. म्हणजे वाट १.४१ पटीने मोठी हवी, १५.८ गुणिले १.४१ म्हणजे २२ च्या वर. दोन इंची गळ्याचे क्षेत्रफळ २०.३ येते. तेव्हा दोन इंची कार्ब्युरेटर एक हवा! सहा सिलिंडरांच्या एका मोठ्या गाडीवरून उतरविलेला तसा कार्ब्युरेटर बाजारात मिळालाही. आम्ही तो त्याच्या मूळच्या सुईसकट चढविला.

गाडी सुरू झाली. मोकळ्या रस्त्यावर ती अशी काही सुटली की स्नेह्यांनी मला तिथल्या तिथे पेढे देऊ केले. मात्र चढावर, वरच्या गिअरमध्ये पाय दाबला की एंजिनातून बारीक टणटण ऐकू येई. मिस्त्री म्हणाला, "साहेब, नॉकिंग आहे, सांभाळा." आम्ही कौतुकाच्या भरात तिकडे दुर्लक्ष केले. तिसऱ्या रविवारी एका लांब चढावर निळा धूर आला आणि शक्ती गेली. हेड उघडले तेव्हा तिसऱ्या सिलिंडरातल्या पिस्टनच्या डोक्याला करंगळी जाईल एवढे भोक पडलेले होते. वडिलांनी आयुष्यभर जपलेल्या गाडीचे एंजिन माझ्या पेन्सिलीने जाळले होते. स्नेही एक शब्दही बोलले नाहीत, आणि त्याचेच मला अधिक लागले.

पिस्टन विलायतेहून येईपर्यंतच्या महिन्यांत मी माझा हिशोब पुन्हा तपासला. चूक गुणाकारात नव्हती, गृहीतकात होती. दोन कार्ब्युरेटर मी एकाच वेळी काम करणारे धरले होते. वस्तुतः या एंजिनात एक कार्ब्युरेटर पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरांना आणि दुसरा तिसऱ्या-चौथ्यांना हवा पुरवितो. ज्वलनाचा क्रम एक, तीन, चार, दोन असा. म्हणजे दुसरा आणि पहिला सिलिंडर पाठोपाठ हवा ओढतात, आणि मग तेवढाच वेळ ती पाळी तिसऱ्या-चौथ्यांची. कोणत्याही क्षणी प्रायः एकच कार्ब्युरेटर श्वास घेत असतो, दुसरा विसावा घेत असतो. तेव्हा मूळ एंजिनाची खरी वाट १५.८ नव्हे, ७.९ चौरस सेंटिमीटरचीच होती. सुपरचार्जर आला की हा प्रकार पालटतो. पंप कार्ब्युरेटरातून जवळजवळ अखंड धारेने हवा ओढतो. एकच कार्ब्युरेटर सारा वेळ काम करतो.

हा विचार आकड्यांत मांडू. एंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा पूर्ण श्वास घेते. मिनिटाला ५५०० फेरे धरले, तर १२५० घन सेंटिमीटर गुणिले २७५० म्हणजे मिनिटाला सुमारे ३४४० लिटर. परंतु या वेगाला सिलिंडर पूर्ण भरत नाहीत. भरती शेकडा ८५ धरू. उरले सुमारे २९०० लिटर, म्हणजे सेकंदाला ४९ लिटर. ही मूळ एंजिनाची भूक. ही हवा ७.९ चौरस सेंटिमीटरच्या वाटेतून गेली तर तिचा वेग सेकंदाला सुमारे ६१ मीटर येतो. कारखान्यातल्या अभियंत्यांनी सव्वा इंच माप पसंत केले, त्यामागे असा हिशोब आहे.

आता सुपरचार्जरसह. २९०० ला १.४१ ने गुणले तर सुमारे ४१०० लिटर, म्हणजे सेकंदाला ६८. ही कमाल मर्यादा होय. कारण हवा दाबली की तापते आणि तापली की फुगते. रूट्स पंपाची कार्यक्षमता बेताची असल्यामुळे सहा पौंडांच्या दाबाने प्रत्यक्षात हवेचे वजन ४१ टक्क्यांनी न वाढता २० ते २५ टक्क्यांनीच वाढते. तरी आपण कमाल आकडाच धरू. सेकंदाला ६८ लिटर हवा सव्वा इंची वाटेतून ८६ मीटरच्या वेगाने जाईल, दीड इंचीतून ६० मीटरच्या, पावणेदोन इंचीतून ४४ मीटरच्या आणि दोन इंचीतून ३४ मीटरच्या. पाहा, दीड इंचीचा वेग मूळ एंजिनाच्या वेगाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. ज्या तडजोडीवर अभियंते राजी झाले होते, तीच तडजोड सुपरचार्जरसह राखावयाची, तर दीड इंची एकच कार्ब्युरेटर पुरे होतो. मी दोन इंची लावला होता. नाकापेक्षा मोती जड, म्हणतात तो हा प्रकार.

कोणी म्हणेल, थोडे मोठे माप घेतले तर शक्ती वाढेल ना? किती वाढेल ते पाहू. हवेच्या वेगापायी वाटेत जो दाब खर्ची पडतो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ढोबळ हिशोबाने सव्वा इंचीत तो चौरस इंचाला ०.६४ पौंड, दीड इंचीत ०.३१, पावणेदोन इंचीत ०.१७ येतो. पंपापूर्वीचा हा तोटा पंपामुळे १.४१ पट होऊन एंजिनापर्यंत पोहोचतो. सव्व्यावरून दीडवर गेल्याने एंजिनाला मिळणाऱ्या एकूण दाबात दोन टक्क्यांहून थोडा अधिक लाभ आहे. दीडवरून पावणेदोनवर गेल्याने लाभ एक टक्का. त्यापुढे लाभ अर्ध्या टक्क्याचा. आपण पुढे जातो तसा लाभ आटत जातो, आणि मोजदादीची अडचण मात्र वाढत जाते. हे सारे ज्याला नीट उमगले, तो मोठ्या मापाच्या मोहात पडणार नाही.

येथे कार्ब्युरेटरच्या जातीचा विचार करणे अगत्याचे आहे. सोलेक्स, वेबर, होले या जातींत गळ्याचे माप कायम असते. असा कार्ब्युरेटर मोठा घेतला, तर कमी वेगाला हवा गळ्यातून रेंगाळत जाते, पेट्रोल ओढले जात नाही, आणि पाय दाबताच एंजिन खोकते, पिकअप मरतो. एस.यू. ची रचना निराळी आहे. स्किनर बंधूंनी या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या आरंभी, १९०५ च्या सुमारास ती सिद्ध केली. स्किनर घराणे पादत्राणांच्या व्यापारातले, आणि त्यांच्या पहिल्या कार्ब्युरेटरांत चामड्याचा भाता होता! पुढे भात्याच्या जागी धातूचा पिस्टन आला. एंजिनाची भूक वाढेल तसा हा पिस्टन वर उचलला जातो आणि वाट आपोआप रुंदावते. हवेचा वेग जवळजवळ स्थिर राहतो. पिस्टनला खाली जोडलेली निमुळती सुई जेटमधून वर येते आणि पेट्रोलाची वाटही त्याच प्रमाणात रुंदावते. त्यामुळे एस.यू. एक माप मोठा झाला तरी फारसे बिघडत नाही. याच्या मापाची खूणही सोपी आहे : नावातला आकडा म्हणजे एक इंचावर किती अष्टमांश. एच २ म्हणजे सव्वा इंच, एच ४ म्हणजे दीड, एच ६ म्हणजे पावणेदोन, आणि एचडी ८ म्हणजे दोन.

मग एस.यू. असूनही पिस्टन का जळला? कारण सुई. साध्या एंजिनाची सुई अशी घासलेली असते की मधल्या टप्प्यात, जेथे गाडी निवांत धावते, तेथे मिश्रण काटकसरीचे मिळावे, आणि पूर्ण भाराला, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला गेला असता, ते सढळ मिळावे. दोन इंची कार्ब्युरेटरचा पिस्टन आमच्या एंजिनाने वरपर्यंत कधी उचललाच नाही. चढावर पूर्ण दाब असतानाही तो मधल्याच टप्प्यात राहिला, आणि सुईने निष्ठेने काटकसरच केली. शिवाय ज्या एंजिनासाठी ती सुई घासली होती, तेथे हवा झटक्याझटक्यांनी येत असे, आणि झटक्यांच्या प्रवाहात पेट्रोल थोडे अधिकच ओढले जाते. आमच्या अखंड धारेत तीही सवलत उरली नाही. सुपरचार्जरच्या दाबाखाली मिश्रण पूर्ण भाराला वजनाने १२ ते १२.५ भाग हवेस एक भाग पेट्रोल असे घट्ट असावे लागते. जादा पेट्रोल येथे जळण्यासाठी नसते, सिलिंडर थंड राखण्यासाठी असते. मिश्रण पातळ झाले की ज्वाळा सावकाश चालते, तापमान चढते, उरलेले मिश्रण आपोआप भडकते, आणि त्या हादऱ्यांनी अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन वितळतो. साध्या एंजिनात जी चूक नुसता खोकला आणते, तीच सुपरचार्जरखाली प्राण घेते. म्हणून माप आणि सुई यांची निवड वेगवेगळी करता येत नाही.

अमेरिकन गाड्यांच्या धन्यांसाठी एक सूचना. तेथे कार्ब्युरेटर इंचांवर नव्हे, मिनिटाला किती घनफूट हवा जाते त्यावर विकले जातात. परंतु चार गळ्यांच्या कार्ब्युरेटरचे मोजमाप दीड इंच पाऱ्याच्या ओढीवर आणि दोन गळ्यांच्याचे तीन इंच पाऱ्याच्या ओढीवर करण्याची तेथे प्रथा आहे. त्यामुळे दोन गळ्यांचा पाचशे घनफुटांचा कार्ब्युरेटर चार गळ्यांच्या मोजपट्टीवर अवघा साडेतीनशेचा भरतो. दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यापूर्वी ते एकाच मापाने मोजले आहेत ना, हे पाहावे.

हिशोब झाला तरी तो तपासला पाहिजे. स्थिर गळ्याच्या कार्ब्युरेटरसाठी कार्ब्युरेटर आणि पंप यांच्यामध्ये व्हॅक्यूम गेज जोडावे आणि पूर्ण थ्रॉटलवर, नेहमी वापरात येणाऱ्या कमाल वेगाला ते वाचावे. ओढ दीड इंच पाऱ्याहून बरीच अधिक असेल तर माप लहान. काटा जागचा हालतच नसेल तर माप मोठे. एस.यू. मध्ये पिस्टन कितपत उठतो ते पाहावे. कमाल वेगाच्या पुष्कळ आधीच तो टोकाला टेकत असेल तर माप लहान. कमाल वेगालाही निम्म्यावरच रेंगाळत असेल तर माप मोठे. आणि हिशोबात फेऱ्यांचा जो आकडा घालाल तो प्रामाणिक असू द्या. पुस्तकात ५५०० लिहिलेले असते, पण सत्तर वर्षांहून अधिक वयाच्या गाडीला आपण ४५०० च्या वर कितीदा नेतो? अंथरूण पाहून पाय पसरावे, हे एंजिनालाही लागू आहे.

आपल्या देशातल्या आजच्या परिस्थितीत दोन गोष्टींची भर घालतो. एक म्हणजे उन्हाळा. बाहेरच तापमान पंचेचाळीस अंशांवर गेले की पंपातून निघणारी हवा आणखी तापते आणि नॉकिंग लवकर सुरू होते. तेव्हा स्पार्क थोडा मागे घ्यावा आणि दाबाचा लोभ आवरावा. दुसरी गोष्ट पेट्रोलाची. आज आपल्याला पंपावर मिळते ते पेट्रोल वीस टक्के इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते. साहजिकच जुन्या मापाच्या सुईने आणि जेटने दिलेले मिश्रण शुद्ध पेट्रोलाच्या तुलनेने सात-आठ टक्क्यांनी पातळ पडते. साध्या एंजिनाला हे एकवेळ सोसेल. सुपरचार्जरच्या एंजिनाला ही सात-आठ टक्क्यांची चूकच घातक ठरू शकते. जुन्या पुस्तकांत सुचविलेली सुई आज जशीच्या तशी घेऊ नये, एक पायरी सढळ घ्यावी, आणि प्लगांचा रंग पाहून मगच निर्णय करावा. प्लग पांढरा फटफटीत दिसला तर तो इशारा समजावा. जुने बुचाचे आणि रबराचे भागही बदलून घ्यावेत. इथेनॉल ते खाते.

स्नेह्यांच्या गाडीला पुढे आम्ही दीड इंची एस.यू. एक लावला. सुई सढळ निवडली, स्पार्क मागे घेतला, आणि पुली बदलून दाब सहावरून पाच पौंडांवर आणला. पंपापासून एंजिनापर्यंतचा नळ ज्वालाग्राही मिश्रणाने भरलेला असतो; तेथे उलट भडका उडाला तर दाब सुटण्यासाठी स्प्रिंगची झडपही बसविली. पहिल्या फेरीला निघताना मी मागे बसलेलो नव्हतो, कारण त्या गाडीला मागे आसनच नाही. पण शेजारी बसलो होतो, आणि त्याच चढावर कान एंजिनाकडे लावून होतो. टणटण आली नाही. माथ्यावर पोहोचल्यावर स्नेह्यांनी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडून एंजिनावर हात ठेवल्यासारखे केले आणि म्हणाले, "बाबा असते तर त्यांनी आज तुमच्या हाती किल्ली दिली असती." त्या एका वाक्याने माझ्या मनावरचे कित्येक महिन्यांचे ओझे उतरले.

श्रोतेहो, जुनी मोटार आपल्या हाती असते ती थोड्या वर्षांपुरती. ती कोणीतरी आपल्यापर्यंत सांभाळून आणलेली असते आणि आपण ती पुढच्या हाती द्यावयाची असते. तिला अधिक शक्ती द्यावी असे वाटणे गैर नाही. बर्किनलाही तसे वाटले होते. परंतु कार्ब्युरेटर विकत घेण्यापूर्वी एंजिन किती हवा घेते, कोणत्या वेगाला घेते, ती झटक्यांनी येते की धारेने, आणि तिच्या जोडीला पेट्रोल किती लागेल, हे चार प्रश्न स्वतःला विचारावेत. त्यांची उत्तरे कागदावर मांडून, ती दुसऱ्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावीत. आणि मिस्त्री "सांभाळा" म्हणाला, तर त्याच दिवशी गाडी थांबवावी.